तिओंच्या वहीतली काळी रेघ

आमच्या गल्लीत माणूस मेला की घरचे आधी रडतात, मग जेवतात आणि मग तिओ बून खेंगकडे जातात. गेली चाळीस वर्षं हा क्रम बदललेला नाही. बून खेंग थडग्यांचे दगड कोरतो. त्याचं दुकान माझ्या कॉफीच्या दुकानासमोर; मध्ये एक गटार आणि कुणाच्या तरी दोन सायकली. त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांच्या टोस्टवर खाली नारळाचा मुरंबा आणि वर दगडाची भुकटी असा दुहेरी थर बसतो. बाहेरचा माणूस तक्रार करतो. गल्लीतला करत नाही. "होऊ दे सवय," म्हणतात, "शेवटी तोच दगड उरावर यायचाय."

बून खेंगसारखा कोरणारा पिनांगात दुसरा नाही, हे मी मित्र म्हणून सांगत नाही. मित्र म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, चिक्कू आहे आणि कॉफीत साय आली की चेहरा असा करतो की जणू मी कपात पाल टाकली. पण त्याचा दगड कधी चुकत नाही. आमच्या चिनी लिपीत एक शब्द म्हणजे एक अक्षर, आणि दगडावरची मधली ओळ कशी मोजायची याचा आमच्याकडे एक नियम आहे. पहिलं अक्षर जन्म, दुसरं म्हातारपण, तिसरं आजार, चौथं मरण, पाचवं दुःख. सहाव्याला पुन्हा जन्म. ओळीतलं शेवटचं अक्षर जन्मावर नाहीतर म्हातारपणावर पडलं पाहिजे. आजारावर, मरणावर किंवा दुःखावर पडलं, तर मागे राहिलेल्यांचं काही खरं नाही. मग कोरणारा मेलेल्याच्या नावापुढे एखादं मानाचं अक्षर वाढवतो किंवा एखादं 'ची', 'चा' गाळतो आणि गणित जुळवून आणतो. बून खेंग हे गणित रस्त्यानं चालतानासुद्धा करायचा. माझ्या दुकानाची पाटी त्यानं एकदा मोजली आणि म्हणाला, "आजारावर पडते. म्हणून तुझी कॉफी अशी."

पण दगड हा त्याचा धंदा. जीव होता तो आडनावात.

तिओ कुळाचं देवघर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. फार मोठं नाही. शेजारच्या कुळांच्या देवळांवर सोनेरी ड्रॅगन आहेत, तिओंच्या छपरावर एकच आहे आणि त्याचीही शेपटी माकडांनी तोडलेली. त्या देवघराचा चिटणीस बून खेंग. आडनावाची जन्मकथा तो अशी सांगायचा की जणू आपणच तिथे हजर होतो. फार फार पूर्वीच्या सम्राटाचा एक नातू रात्री आकाशाकडे बघत बसला होता. ताऱ्यांची एक रांग त्याला वाकलेली दिसली. त्यानं तशीच काठी वाकवली, दोरी ताणली आणि पहिलं धनुष्य झालं. सम्राट खूश झाला आणि म्हणाला, आजपासून तुझं आडनाव धनुष्य ताणणारा. ते झाले तिओ.

"आणि आमचा मूळपुरुष काय करत होता तेव्हा?" मी विचारायचो. माझं आडनाव वेगळं.

"तुमचा मूळपुरुष," बून खेंग म्हणायचा, "बाण लागून पडलेला कुठेतरी."

त्याच्या दुकानात मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर लाल डोक्याच्या टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे तिओंचं एकेक घरटं. सिंगापूर, मेदान, सायगाव, रंगून, मनिला; पुढे मॉरिशस, लिव्हरपूल, व्हॅंकुव्हर. कलकत्त्यालाही एक होती, तिथे एक तिओ चामडं कमावायचा. सगळे स्वतःला तिओ म्हणत नाहीत. कुठे ते चँग आहेत, कुठे चोंग, कुठे त्रुओंग. बोटीवरून उतरताना जो कारकून समोर आला त्याच्या कानात जे शिरलं ते कागदावर आलं. पण धनुष्य तेच. बून खेंग या सगळ्यांना पत्रं लिहायचा. त्यांचीही यायची. परक्या देशांतली माणसं, ज्यांनी पिनांग स्वप्नातही पाहिलं नाही, ती त्याला लिहायची : 'आदरणीय तिओ दादा'.

एवढा मोठा भाऊबंदांचा पसारा असलेला हा माणूस घरी मात्र बापाबरोबर एकटा राहिला. लग्न केलं नाही. पत्रं आणि न झालेलं लग्न, दोन्हींचं मूळ एकच होतं, आणि तिचं नाव स्यू गेक.

ही एकसष्ट सालची गोष्ट. मी तेव्हा माझ्या वडिलांच्या हाताखाली याच दुकानात कप विसळत होतो, त्यामुळे ऐकलं ते कानानं ऐकलेलं आहे. बून खेंग तेवीस वर्षांचा, स्यू गेक वीसची. देखणी म्हणावी तर नाही. पण हसली की समोरचा आपण काय विनोद केला ते आठवायला लागायचा. अडचण एकच. तीही तिओ. नुसती तिओ नाही, कुळाचे तेव्हाचे प्रमुख तिओ चू ग्वान यांची मुलगी. आणि आमच्यात एका आडनावात लग्न होत नाही.

त्या दिवशी चू ग्वान माझ्या वडिलांच्या दुकानात मधल्या संगमरवरी टेबलाशी बसले होते. समोर बून खेंग. तिसऱ्या खुर्चीवर बून खेंगचा बाप, तेंग हॉक. तोही दगड कोरायचा. बून खेंगनं हातात छिन्नी धरली ती त्याच्याकडूनच.

"काका," बून खेंग म्हणाला, "तुमचं मूळ गाव वेगळं, आमचं वेगळं. मध्ये तीन दिवसांची वाट आहे."

"आडनाव एक ना?"

"एक."

"मग पाचशे वर्षांपूर्वी चूल एक."

"पाचशे वर्षांपूर्वीच्या चुलीवर आज कोण जेवतंय, काका? मी तर या दुकानातले टोस्ट खातो."

माझे वडील हसले. चू ग्वान हसले नाहीत. ते तेंग हॉककडे वळले. "तू सांग याला."

तेंग हॉक कॉफी ढवळत होता. इतका वेळ ढवळत होता की मला वाटलं तळाचं डब्यातलं घट्ट दूध तर विरघळलंच, आता चमचाही विरघळेल. शेवटी वर न बघता म्हणाला, "एका आडनावात लग्न होत नाही." आणि उठून गेला. कॉफी तशीच राहिली.

दुसरा कोणी असता तर मुलीला घेऊन सिंगापूरला पळाला असता. बून खेंग पडला नियमाचा माणूस. त्यानं नियमातच फट शोधायला घेतली. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की सगळे तिओ काही त्या धनुष्यवाल्याच्या रक्ताचे नाहीत. कुणा राजानं कुणा सरदाराला हे आडनाव बक्षीस दिलं, कुठे डोंगरातल्या लोकांना सेनापतीनं वाटलं, कुठे घरजावयानं सासऱ्याचं लावलं. दोघांपैकी एक शाखा जरी अशी बाहेरून आलेली निघाली, तर पाचशे वर्षांपूर्वीची चूल एक नव्हती हे सिद्ध होतं! मग चू ग्वानकाका काय करतील?

म्हणून पत्रं. पहिलं पत्र गेलं मेदानला, दुसरं सिंगापूरला. रोज दुकान बंद झालं की बून खेंग जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि लिहायचा. तेंग हॉक समोर बसायचा. पत्र लिहून झालं की तो ते घ्यायचा, घडी घालायचा, पाकिटात सरकवायचा आणि तिकिटाला जीभ लावून ते चिकटवायचा. अंगठ्यानं दाबायचा, चारी कोपरे. मी कित्येकदा पाहिलं. आम्ही म्हणायचो, "बघा, तोंडानं नाही म्हणाला, पण बापच तो. पोराच्या प्रेमाला तिकीट लावतोय."

स्यू गेक दीड वर्ष थांबली. मग तिचं लग्न याप आडनावाच्या एका सायकलवाल्याशी झालं. बून खेंग त्या दिवशी दुकानातच होता. एका म्हाताऱ्या मावशीचा दगड कोरत होता. संध्याकाळी तो टेबलाशी बसला आणि त्यानं सायगावला पत्र लिहिलं. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाला, "अर्धवट सोडलं की गणित मरणावर पडतं."

पुढची छत्तीस वर्षं गणित तो सोडवतच राहिला. स्यू गेकला मुलं झाली, नातवंडं झाली, याप वारला. ती बाजाराच्या कोपऱ्यावर लाल कासवं विकायला लागली. म्हणजे मुगाचं सारण भरलेले, कासवाच्या साच्यात दाबलेले तांदळाच्या पिठाचे गोड लाल वडे. कुळाचं जेवण असलं की माहेरवाशीण म्हणून यायची आणि बून खेंगच्या पानात दोन कासवं जास्त टाकायची. "घ्या दादा," म्हणायची. तो घ्यायचा. मला वाटायचं, ही दोघं किती शहाणी. जखमेवर कसं छान कातडं धरलंय.

तेंग हॉक परवाच्या पावसाळ्यात गेला. सत्त्याऐंशीचा होता. दुपारची झोप काढावी तसा गेला. जाण्याआधी दोन दिवस बून खेंगला म्हणाला होता, "कपाटात बिस्किटांच्या डब्यात लाल पाकीट आहे. माझा दगड कोरण्याआधी उघड. त्याआधी नको."

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं स्वतःची ओळ स्वतः मोजून ठेवली असेल. धंद्यातला माणूस, पोरावर विश्वास असला तरी दगड आपला.

क्रियाकर्म झालं. सुतकाचे एकोणपन्नास दिवस झाले. एके दिवशी सकाळी बून खेंग गटार ओलांडून आला. समोर दुकानाची फळी उघडी, आत दगड घासून तयार. तो मधल्या संगमरवरी टेबलाशी बसला. कॉफीवर साय होती. त्यानं ती न काढता प्यायली. मी फडकं खांद्यावर टाकून समोर बसलो.

"वाच," म्हणाला.

एकच कागद होता, तेंग हॉकच्या घोटीव अक्षरातला. माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्याचे शब्द मोजून कोरल्यासारखे होते.

तो तिओ नव्हता. त्याचं नाव क्वेक बान सियोंग. तो आला त्या सुमारास गोऱ्यांनी चीनमधून नवीन गडी माणूस उतरवून घेणं जवळजवळ बंद केलं होतं. आधी राहून गेलेला असेल तर परवान्यावर परत येऊ द्यायचे. तिओ तेंग हॉक नावाचा एक माणूस असा परवाना घेऊन गावाकडे गेला होता आणि तिकडेच तापानं मेला. चू ग्वाननं तो परवाना आपल्या मित्राला, म्हणजे या बान सियोंगला दिला. अट एकच घातली. नाव जिवंतपणी वापर, मेल्यावर परत कर. कारण दगडावरही तेच नाव राहिलं, तर खऱ्या तेंग हॉकसाठी ठेवलेला भात याच्याकडे येईल आणि तो बिचारा तिकडे उपाशी राहील.

'म्हणून,' कागदावर होतं, 'दगडावर क्वेक घाल. मी शब्द दिला आहे.'

त्याखाली चार ओळी आणखी होत्या. त्या मात्र त्याच्याच शब्दांत देतो.

'मुलीच्या वेळी सांगणार होतो. चू ग्वान म्हणाला, तोंड उघडलंस तर तुझं नागरिकत्व जाईल, माझी अब्रू जाईल. मी घाबरलो. मग तू पत्रं लिहायला लागलास. आज सांगू, उद्या सांगू करता करता तिचं लग्न झालं. त्यानंतर सांगून तुला काय मिळालं असतं? कुळाच्या जुन्या वहीत माझी रेघ काळी होती. तू रोज ती वही बघायचास. मला वाटायचं, एक दिवस तुलाच कळेल.'

मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "टोस्ट देऊ?"

"वही आणायला हवी," बून खेंग म्हणाला. मग स्वतःच उठला. "नको. वहीत काही नाही. मला माहीत आहे वहीत काय आहे."

आणि त्यानं सांगितलं. कुळाच्या वहीत बापापासून मुलाकडे रेघ ओढतात. पोटचा असेल तर लाल, घेतलेला असेल तर काळी, आणि काळ्या रेघेशेजारी 'दत्तक' असं अक्षर. जुनी वही वाळवीनं खाल्ली तेव्हा ती नव्यानं उतरवून काढायचं काम चिटणीस म्हणून बून खेंगकडेच आलं होतं. तेंग हॉकच्या नावावर आला तर रेघ काळी. शेजारी दत्तक नाही. त्याला वाटलं, जपानी लढाईच्या दिवसांत लाल शाई संपली असेल. चुकीचं असलेलं त्याला बघवत नाही. त्यानं नव्या वहीत ती रेघ लाल केली.

"माझ्या हातानं," म्हणाला. "पट्टी धरून. तीसुद्धा दोनदा फिरवली, फिकट नको दिसायला म्हणून."

"तू वही उतरवत होतास तेव्हा तुझे बाबा?"

"समोर बसून लाल शाई खलत होते."

कॉफीच्या दुकानदाराला सगळ्या दुःखांवर काहीतरी बोलता येतं, असा माझा समज होता. तो त्या सकाळी गेला. बाप तिकिटं चिकटवत होता ते दिसत होतं मला. जीभ लावायचा, चारी कोपरे दाबायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडात होतं, त्याच प्रश्नाच्या पाकिटाला तो त्याच तोंडानं तिकीट लावत होता. मेदानला, सायगावला, मॉरिशसला. आणि आम्ही कौतुक करत होतो!

बून खेंग तडक देवघरात गेला. मीही मागोमाग. आताचे प्रमुख खात्यापित्या घरचे, गोल, आनंदी गृहस्थ आहेत. बून खेंग म्हणाला, "मी तिओ नाही. चिटणीसपद सोडतो."

प्रमुखांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे बघ, आपल्या शंभर वर्षांच्या ग्रंथाचं काम अर्धवट आहे. मॉरिशसवाल्यांचं प्रकरण कोण लिहिणार? मी? तू तिओच आहेस. आमच्यापैकी कोणाला आपल्या पणजोबाच्या पलीकडचं नाव येतं? तुला चाळीस पिढ्या पाठ आहेत."

"त्या माझ्या नाहीत."

"अरे, पाठ आहेत ना!"

चांगला माणूस. पण बून खेंगनं देवघराच्या किल्ल्या उदबत्त्यांच्या राखेत ठेवल्या आणि बाहेर आला. पायरीवर थांबून म्हणाला, "ती कासवं विकत असेल आत्ता. चल."

"तिला कशाला सांगतोस? आता काय त्याचं?"

"तिलाही फसवलंय रे त्यांनी. तिला कळायला नको?"

हे त्याचं म्हणणं मला पटलं. एवढ्या मोठ्या फसवणुकीत एक तरी सोबती असावा, असं कोणाला वाटणार नाही? दोघांनी मिळून बापांना शिव्या घातल्या असत्या तर निम्मा भार हलका झाला असता. आम्ही बाजाराच्या कोपऱ्यावर गेलो. स्यू गेक केळीच्या पानाचे तुकडे कापत बसली होती. आम्हाला बघून तिनं दोन स्टुलं पुढे केली.

"या दादा. आज या कॉफीवाल्यालाही घेऊन आलात? दुकान कोण बघतंय, माश्या?"

बून खेंग बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. सगळं, परवाना, अट, काळी रेघ. तिनं मध्ये एकदाही 'अगंबाई' म्हटलं नाही. पानं कापत राहिली. एकसारखे गोल तुकडे. तो बोलायचा थांबला तरी कापतच होती, आणि तिथेच मला कळलं. बून खेंगला कळायला थोडा वेळ लागला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"कधीपासून?"

"लग्नाच्या सकाळी." तिनं कात्री खाली ठेवली. "आई केस विंचरत होती. मी रडत होते. ती म्हणाली, रडतेस कुणासाठी? तो धड तिओसुद्धा नाही. उसन्या नावाच्या माणसाचा पोरगा. तुझ्या बापानं नाव दिलं म्हणून इथे आहे. तिला वाटलं, हे ऐकून मी गप्प होईन."

"झालीस?"

"झाले."

"लग्नाच्या सकाळी! म्हणजे लग्न लागायच्या आधी!"

"यापांची गाडी दारात उभी होती. माझ्या अंगावर लाल कपडे होते."

"मी इथे, दोन गल्ल्या पलीकडे होतो. चिठ्ठी पाठवायचीस. कुणालाही पाठवायचंस. याला," त्यानं माझ्याकडे बोट केलं, "हा रिकामाच असतो. मला कळलं असतं तर..."

"तर तू आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणून नाही सांगितलं." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू आला असतास, ओरडला असतास, सगळ्यांना कागद दाखवा म्हणाला असतास. तू तसाच आहेस. तुझ्या बाबांना बोटीत घालून चीनला परत धाडलं असतं. माझे बाबा देवघराच्या प्रमुखपदावरून उठले असते. यापाच्या पोराचा काय दोष होता? तो बिचारा मिरवायला नवीन सायकल घेऊन आला होता."

"आणि छत्तीस वर्षं मला दादा म्हणत राहिलीस. खोटं आहे हे माहीत असून."

"मग काय म्हणायचं होतं?" ती म्हणाली. "सांग ना. बाजारात, चार माणसांत, काय म्हणून हाक मारायची होती मी तुला?"

तिनं नेहमीच्या हातानं सहा कासवं पानावर ठेवून पुडकं बांधलं आणि पुढे केलं. बून खेंग वळून चालायला लागला. पुडकं तिच्या हातात तसंच. मी घेतलं. कोणी कोणाला कितीही फसवलेलं असलं तरी ताजी कासवं वाया घालवणं मला जमत नाही. तीन मी वाटेत खाल्ली. गोड होती, आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर आठ दिवस समोरून छिन्नीचा आवाज आला नाही. नकाशा त्यानं उतरवला नाही, पण त्याच्यासमोर पोती रचली. पत्रं आली ती न फोडता माझ्याकडे टाकली. मॉरिशसच्या कुणी फ्रेंच लिहिणाऱ्या चँग बाईनं विचारलं होतं, आमचे आजोबा कोणत्या शाखेचे? मी कोणत्या शाखेचं काय सांगणार? मी लिहिलं, तिओ दादा आजारी आहेत. सही करताना हात अडला, ते वेगळं.

नवव्या दिवशी ठक् ठक् सुरू झालं. मी गेलो नाही. दुपारी तोच आला आणि म्हणाला, "दगड झाला. ये, मोज."

नाव परत केलं होतं त्यानं. 'क्वेक बान सियोंग' आणि पुढे मानाचं एक अक्षर, शेवटी 'थडगं'. अक्षरं अशी की बोट फिरवावं. पण आमच्याकडच्या दगडावर ओळ सुरू होते ती 'आदरणीय पिता' या दोन अक्षरांनी, आणि डाव्या कडेला बारीक अक्षरांत दगड उभारणाऱ्या मुलाचं नाव असतं. ती दोन अक्षरं नव्हती. मुलाचं नाव नव्हतं. दगडाकडे बघून वाटावं, कुणी क्वेक म्हणून गेला, त्याच्या मागे कोणी नाही. आमच्यात याहून वाईट काही बोलता येत नाही, आणि बून खेंग ते बोलला होता; त्याच छिन्नीनं, जी बापानं त्याच्या हातात दिली होती.

मी बोटानं मोजलं. जन्म, म्हातारपण, आजार, मरण, दुःख.

"पाच," मी म्हटलं. "दुःखावर पडतंय. तू चाळीस वर्षांत असा दगड दिला नाहीस. मध्ये एक 'चं' घाल की. सहा होतील. पुन्हा जन्मावर येईल."

"ते मलाही येतं."

"मग?"

"त्यांनी आयुष्यभर गणित जुळवलं," तो म्हणाला. "एक अक्षर इथे वाढव, एक तिथे गाळ. माझी रेघसुद्धा माझ्याकडून जुळवून घेतली. हे नाही जुळवणार मी."

दगड तसाच उभा राहिला. कुळातल्या बायका नाकाला पदर लावल्यासारखं करून बघून गेल्या. प्रमुख म्हणाले, वेडा आहे, पण मॉरिशसचं प्रकरण तेवढं लिहायला सांगा. स्यू गेक बघायला आली नाही.

चैत्राच्या सुमाराला आमच्याकडे थडगी झाडायचा दिवस येतो. मला वाटलं, बून खेंग जाणार नाही. पहाटे बघतो तर तो केरसुणी, बादली आणि लाल रंगाची डबी घेऊन दारात. म्हणाला, "डोंगर चढताना दम लागतो. बादली घे."

वर गेलो. त्यानं गवत उपटलं, दगड धुतला, अक्षरांत लाल रंग भरला. भात आणि चहा मांडला. नमस्कार केला नाही. पण भात कोंबडीसकट होता आणि चहा तेंग हॉकला आवडायचा तसा, काळा. दगडाच्या पायाशी आधीच कोणीतरी केळीच्या पानावर लाल कासवं ठेवून गेलं होतं. सहा. बून खेंगनं ती पाहिली आणि उचलून बाजूला ठेवली. टाकली नाहीत.

मी बादली पालथी घालून बसलो होतो. समोर दगड होता आणि मी पुन्हा मोजत होतो, सवयीनं. तेव्हा मला एक गोष्ट खटकली. ओळ मधोमध नव्हती. बून खेंगची ओळ कधी तसूभर हलत नाही, आणि इथे 'क्वेक' हे पहिलं अक्षर फारच खाली सुरू झालं होतं. वर कोरी जागा. मी हाताच्या वितीनं मापली. बरोबर दोन अक्षरांची.

दोन आणि पाच सात. सातवं म्हातारपण. नियमात बसतं.

"खेंग," मी म्हटलं, "वर जागा सोडली आहेस."

तो ब्रश धुवत होता. पाणी लाल झालं होतं.

"डावीकडेही सोडली आहे," तो म्हणाला.

"मग कोरणार कधी?"

त्यानं ब्रश झटकला, डबीचं झाकण घट्ट लावलं. मग दगडाजवळ जाऊन त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला आणि दाबला. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. तिकीट चिकटवतात तसा.

"आज छिन्नी आणलेली नाही," म्हणाला आणि बादली उचलून उतरायला लागला.